अकरा सर्व्हर आणि बाईंचा मेसेज

कॉम्प्युटरमधल्या माणसाला घरचे हुशार समजतात, हा एक मोठा गैरसमज आहे. मी बरीच वर्षं या धंद्यात काढली आहेत म्हणून सांगतो. या धंद्यात माणूस हुशार होत नाही, चिडका होतो. मी मुळात चिडका होतोच, त्यामुळे मला फार काही शिकावं लागलं नाही.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो होतो, मी, बायको आणि पहिलीतली मुलगी. माझं ऑफिस भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पुढे एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यांत दिवसभर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश चालायचं, त्याची काळी पूड जिन्यावर, कठड्यावर आणि आमच्या कॉलरवर. आणि असल्या ठिकाणी, काचेच्या दोन दारांआड एसी लावून, आम्ही अकरा सर्व्हर ठेवले होते. आसपासच्या लॅबवाल्यांचे आणि छोट्या हॉस्पिटलांचे रिपोर्ट त्यांत साठवलेले असायचे. रक्त तपासून झालं की आकडे आमच्याकडे. त्या अकरा मशीनांना सांभाळायचं काम माझं एकट्याचं होतं.

मालक गुजराती, आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो. माणूस मनाने चांगला, पण त्यांच्या काही समजुती होत्या आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. मोबाइलच्या लहरींनी मशीन बिघडतं, ही त्यातली एक. त्यामुळे सर्व्हरच्या खोलीत जाताना मोबाइल बाहेर एका स्टीलच्या डब्यात ठेवायचा, वर झाकण लावायचं. आत शिरलेला माणूस दोन-दोन तास कुणाच्या हाताला लागायचा नाही.

आता बायकोचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. तिचं बी.एड. लग्नाआधीच झालं होतं. मग लग्न, मग मुलगी, मग घर बदललं, आणि बघता बघता सात वर्षं घरात गेली. त्या जानेवारीत गोडदेव नाक्याजवळच्या एका मराठी शाळेत मराठी-इतिहासाची जागा अचानक रिकामी झाली. तिथल्या मुख्याध्यापिका तिच्या ओळखीच्या निघाल्या. रत्नागिरीला शाळेत असताना त्यांनीच तिला शिकवलं होतं, त्यामुळे ती त्यांना अजून बाईच म्हणायची. बाईंनी तिला बोलावून सरळ सांगितलं, "ट्रस्टी पुण्याहून येतात. आठवड्यात कुठल्या दिवशी उगवतील ते त्यांनाच ठाऊक, मला आदल्या संध्याकाळी कळतं. कळलं की मेसेज टाकीन. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मूळ कागद घेऊन उभी राहा. मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. आणि मध्ये विचारायला येऊ नकोस, बरं दिसत नाही."

जूनमध्ये अनुदानित शाळेत लागायची तिची वयाची मर्यादा संपणार होती. ही जागा गेली की तो रस्ता कायमचा बंद. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दिवसातून चारदा घरात त्याच विषयावर बोलणं चालल्यामुळे आमच्या मुलीलाही माहीत होतं.

मला स्वतःला काय वाटत होतं? खरं सांगायचं तर फार काही वाटत नव्हतं. "बघ बाई, झेपतंय का तुला," एवढंच मी म्हटलं होतं. एकदा "घरी काय कमी आहे" असंही बोलून गेलो होतो, आणि त्यावर ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली होती.

बाईंना तिने नंबर दिला तो माझा. घरात मोबाइल एकच, तो माझ्या खिशात. लँडलाइन होती, ती मीच काढून टाकायला लावली होती. दोन-दोन फोन कशाला, असा माझा रुबाब. त्यामुळे गॅसवाला, बँक, दवाखाना, मुलीची शाळा, जिथे जिथे ती फॉर्म भरायची तिथे फोनच्या रकान्यात माझा नंबर. आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक बायका हेच करायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या मागे ते ॲड-ऑन अपडेट करायचं लचांड लागलं.

ते काय असतं ते सोप्या भाषेत सांगतो. अकरा मशीनांवर सारखी नजर ठेवायला माणूस पुरत नाही. म्हणून एक बारावा कॉम्प्युटर असतो. तो दर थोड्या वेळाने प्रत्येकाची विचारपूस करतो. डिस्क किती भरली, मेमरी किती खाल्ली, ऑपरेटिंग सिस्टिम धडधाकट आहे ना. ही माहिती गोळा करून द्यायला प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो, तेच हे ॲड-ऑन. सगळं ठीक असेल तर मोठ्या स्क्रीनवर त्या सर्व्हरचा चौकोन हिरवा. काही बिनसलं की लाल, आणि लाल झालं की माझ्या मोबाइलवर मेसेज. बायको त्याला चहाडखोर म्हणायची.

जुना चहाडखोर तीन वर्षं निमूट काम करत होता. पण गणपती झाल्यावर आम्ही सगळ्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली, आणि जानेवारीत ॲड-ऑन विकणाऱ्या कंपनीने कळवलं की नव्या सिस्टिमला नवं ॲड-ऑनच घालावं लागेल, जुन्याची जबाबदारी यापुढे आमची नाही. बरं, घालतो म्हटलं.

अपडेट हा शब्दच फसवा आहे. ऐकायला वाटतं, एक बटण दाबलं की झालं. प्रत्यक्षात जुनं काढा, मशीन बंद करून चालू करा, नवं घाला, पुन्हा बंद करून चालू करा, मग बाराव्या कॉम्प्युटरला समजावा की बाबा हा तोच सर्व्हर, फक्त सदरा बदललाय. असं अकरा वेळा. त्यातल्या तीन मशीनांवर जुनं निघायलाच तयार नाही. निघालं म्हणून सांगायचं आणि मशीन चालू केलं की परत जागेवर हजर. माझा अख्खा रविवार त्यात गेला, सोमवारची सकाळही गेली. नाकी नऊ आले.

सोमवारी दुपारी मी नवा स्क्रीन चालू केला. अकरा चौकोन उमटले. अकराच्या अकरा लाल.

शेठ माझ्या मागेच उभे होते. "ये सब लाल क्यूं है, भाई?"

"देख रहा हूं, शेठ."

"पहले तो हरा था."

पहले तो हरा था. हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्या वेळा ऐकलं की नंतर नंतर शेठचं तोंड उघडलं की मला तेच ऐकू यायचं.

प्रत्येक चौकोनात तक्रार एकच होती. डिस्क दोन, शंभर टक्के भरली. आता आमच्या प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या. एकीत जे जाईल तेच दुसरीतही जायचं, एक मेली तर दुसरी असावी म्हणून. मी मोबाइल डब्यात टाकला, आत गेलो, एकेक मशीन उघडून बघितलं. एकही डिस्क अर्ध्याच्या वर भरलेली नव्हती. बाहेर येऊन स्क्रीन बघतो तर शंभर टक्के. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आत रिकामी, बाहेर भरलेली. च्यायला, दोन काचेच्या दारांमध्ये असं काय होतंय, तेच मला कळेना.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. अर्धा तास पिपाणी ऐकवल्यावर एक मुलगा आला लाइनवर.

"सर, आपने रीस्टार्ट किया?"

"किया."

"एक बार फिर से कर लीजिए, सर."

अकरा मशीनं पुन्हा बंद-चालू केली. लॅबवाल्यांचे फोन खणखणायला लागले, रिपोर्ट दिसत नाही म्हणून. पुन्हा त्या मुलाला फोन.

"सर, आपकी डिस्क फुल है."

"अरे बाबा, नहीं है. मैंने खुद देखा."

"सर, सिस्टम तो फुल दिखा रहा है."

"वही तो बोल रहा हूं, सिस्टम गलत दिखा रहा है."

"सर, सिस्टम गलत कैसे दिखाएगा?"

मी हात टेकले. या माणसाला काय सांगणार, कपाळ? त्याने शेवटी मला सगळी अकरा ॲड-ऑन काढून पुन्हा घालायला सांगितली. दोन दिवसांचं काम पुन्हा पहिल्यापासून. आणि मी गाढव, ते करायला बसलोसुद्धा.

लाल चौकोनांचा त्रास परवडला, पण मेसेज. नव्या ॲड-ऑनला एक खोड होती. तक्रार मिटेपर्यंत ते दर तासाला आठवण करायचं. अकरा सर्व्हर, दर तासाला अकरा मेसेज. तास भरला की माझा फोन टुण-टुण करत अकरा वेळा ओरडायचा. हा प्रकार बंद करायची सोय कुठेतरी होती म्हणे, मला ती सापडली नाही. आणि सापडली असती तरी शेठनी ती वापरू दिली नसती. हॉस्पिटलचं काम आहे, खरंच काही झालं तर कोण निस्तरणार, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी सातला घरी पोचलो. फोन टेबलावर ठेवला आणि बूट काढायला वाकलो, तेवढ्यात टुण. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. हाताला कणीक.

"बाईंचा?"

"नाही गं. डिस्क फुल."

ती वळली, टुण. परत आली. डिस्क फुल. तिसऱ्या वेळी ती जागेवरच उभी राहिली आणि अकरा मेसेज होईपर्यंत हलली नाही. मग हात धुतले, खुर्ची ओढली आणि एकेक मेसेज उघडून, वाचून, पुसायला बसली.

"अगं, सगळे तेच आहेत. वाचतेस कशाला?"

"त्यात बाईंचा असला तर?"

आठ वाजता पुन्हा तेच. नऊ वाजता पुन्हा. प्रत्येक वेळी तिचा चेहरा उजळायचा आणि पडायचा. प्रत्येक वेळी ती न कंटाळता अकराच्या अकरा वाचून पुसायची. मंगळवारी सकाळी सहाला तिने रात्रभरचे सगळे वाचून पुसले, सातलाही तेच. डब्याची पोळी तव्यावर करपली आणि माझं डोकं फिरलं. एक तर दोन दिवस त्या मशीनांनी जीव खाल्लेला, त्यात ही प्रत्येक टुणला अशी धावतेय की जणू लॉटरी लागणार आहे.

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि आवाज बंद करून टाकला. "हे बघ, हा फोन आता माझ्याजवळ राहू दे. मी बघत जाईन. बाईंचा आला की तुला सांगीन."

"नक्की बघाल ना?"

"अगं, माझं कामच ते आहे, नजर ठेवायचं."

असं म्हटलं मी. तोंड वर करून म्हटलं.

मंगळवारी दिवसभर मी ती अकरा ॲड-ऑन काढत आणि घालत होतो. फोन झाकणाखाली. बाहेर आलो की एखादा मेसेज बघायचा, डिस्क फुल, की पुन्हा खिशात. बायकोसारखं एकेक वाचून पुसण्याचा धीर माझ्यात नव्हता. संध्याकाळी कधीतरी फोनच्या कोपऱ्यातलं पाकिटाचं चिन्ह लुकलुकायला लागलं. मला वाटलं, आणखी एक तक्रार. त्या काळच्या फोनमध्ये मेसेज मोजके मावायचे, माझ्यात शंभर. जागा संपली की पाकीट लुकलुकायचं, आणि त्यानंतर येणारे मेसेज बाहेरच ताटकळत राहायचे, जुने पुसेपर्यंत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाचा फोन असता तर मी लांबून बघून सांगितलं असतं.

बुधवारी सकाळी पुन्हा अकरा लाल. पुन्हा शेठ. पुन्हा पहले तो हरा था. मी आतच बसून राहिलो. अकराच्या सुमाराला बाहेर आलो तेव्हा एक मिस्ड कॉल दिसला, भाईंदरचाच कुठला तरी नंबर. यूपीएसच्या बॅटरीवाला असेल म्हणून सोडून दिला.

त्या संध्याकाळी ती दारातच उभी होती. साडी इस्त्री करून खुर्चीवर, कागदांची फाइल टीव्हीवर.

"आला?"

मी फोन काढला, वरचे दहा-बारा मेसेज खाली-वर केले. "नाही. सगळे डिस्कवाले."

"आज बुधवार झाला. मी खालच्या पीसीओवरून बाईंना एक फोन करू का?"

"त्यांनी सांगितलंय ना, विचारू नकोस म्हणून? कशाला उगाच मागे लागल्यासारखं? येईल मेसेज. मी बघतोय."

ती हो म्हणाली. माझं ऐकायची तिला सवय होती.

गुरुवारी दुपारी मी सात नंबरच्या सर्व्हरसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. मागची वायर काढायला वाकलो, कोपर कुठल्या तरी बटणावर दाबलं गेलं आणि पुढचा सीडीचा ट्रे सुळकन बाहेर आला. आत सीडी होती. सीडीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आणि मला लक्ष्मीपूजन आठवलं.

दिवाळीत शेठच्या आई पूजेला आल्या होत्या, बा म्हणायचे सगळे त्यांना. मशीनांना हळदीकुंकू झालं, फुलं झाली, पेढे झाले. मग बांनी पिशवीतून अकरा सीड्या काढल्या, प्रत्येकीत भजनं ठासून भरलेली. एकेक मशीनमध्ये घालायला सांगितल्या. आत देवाचं नाव असलं की मशीनला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "डाल दे भाई. और निकालना मत." कोणी घातल्या? मी घातल्या. स्वतःच्या हाताने, पेढा तोंडात धरून, एक ते अकरा. आणि चार दिवसांत विसरून गेलो.

जुनं ॲड-ऑन बिचारं फक्त हार्ड डिस्क बघायचं. नवं जास्त शहाणं, ते मशीनमधली प्रत्येक डिस्क बघायचं, अगदी सीडीसुद्धा. आणि भरलेल्या सीडीत आणखी काही मावत नाही, त्यामुळे त्याच्या हिशोबी ती सदा शंभर टक्के भरलेली. डिस्क दोन म्हणजे दुसरी हार्ड डिस्क नव्हे. डिस्क दोन म्हणजे बांची भजनं. चार दिवस ते ओरडून ओरडून खरं सांगत होतं, आणि ज्याने ती सीडी आत घातली तो मी फोनवर भांडत होतो की सिस्टम खोटं बोलतेय.

सात नंबरची सीडी काढली. थोड्या वेळाने बाहेर जाऊन बघतो तर सात नंबर हिरवा. मग भराभरा सगळ्या काढल्या. एकेक चौकोन हिरवा होत गेला. शेठ केबिनमधून बाहेर आले. मी त्यांच्या हातात अकरा सीड्यांची चळत ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी वरच्या सीडीवरचं हळदीकुंकू अंगठ्याने पुसलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बा को मत बोलना."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. कटिंग चहा मागवला, जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि मोबाइल डब्यातून काढला. सगळे मेसेज पुसायचे का, फोनने विचारलं. हो म्हटलं. शंभर मेसेज एका झटक्यात गेले. पाकीट लुकलुकायचं थांबलं.

आणि फोन हातात थरथरला. एकदा, मग पुन्हा एकदा. चहाडखोराचे ताटकळलेले मेसेज तासाभराने आपोआप रद्द व्हायचे, माणसांचे मात्र वाट बघत थांबायचे.

पहिला मेसेज मंगळवारी संध्याकाळी सव्वासातचा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. उद्या सकाळी नऊला ये, मूळ कागद आण, ट्रस्टी दहापर्यंतच आहेत. दुसरा बुधवारी साडेदहाचा. का आली नाहीस? निरोप तरी द्यायचा.

चहा आला, तसाच राहिला. पहिला विचार कुठला आला तोही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. आताच शंभर पुसले, आणखी दोन पुसायला काय लागतं? मेसेज आलाच नाही म्हणायचं. नेटवर्कला शिव्या घालायच्या, कंपनीला शिव्या घालायच्या, मला तर त्याची सवयच होती. पुसले नाहीत. मी फार सज्जन आहे म्हणून नव्हे. बाई कधी ना कधी तिला सांगणारच, हे लक्षात आलं म्हणून.

त्या दिवशी लवकर घरी गेलो. ती आमटीला फोडणी देत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने गॅस बंद केला, हात पुसले, वाचलं. पुन्हा वाचलं.

"मंगळवारचा आहे हा."

"हो."

"आज गुरुवार."

"फोन भरला होता. जागा नव्हती म्हणून अडकला. आज पुसले तेव्हा आला." मग मी सगळं सांगायला लागलो, सीडी, भजनं, बा, डिस्क दोन. सांगता सांगता माझंच मला ऐकू येत होतं आणि ते किती खुळचट वाटत होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "उद्या सकाळी शाळेत जाऊ. तुम्ही पण चला."

रात्री ती जेवली नाही. मी जेवलो.

शुक्रवारी सकाळी रिक्षाने गोडदेव नाक्यापर्यंत गेलो. वाटेत मी मनात भाषण तयार करत होतो. चूक माझी आहे, हिची नाही, हे बाईंना नीट पटवून द्यायचं. ट्रस्टींना पुन्हा एकदा विचारा म्हणायचं. गरज पडली तर हात जोडायचे.

बाई त्यांच्या खोलीत हजेरीपटावर सह्या करत होत्या. आम्हाला बघून पेन खाली ठेवलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"मी मेसेज टाकला. सकाळी शाळेतून फोनही केला, कुणी उचलला नाही. ट्रस्टींना मी दहाचे साडेदहा करून थांबवलं. येईल, येईल म्हणत राहिले. शेवटी त्यांनी दुसरीला घेतलं, काल ती रुजूही झाली." मग म्हणाल्या, "तोंडघशी पडले गं मी. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी पुढे झालो. "बाई, त्याचं असं झालं, माझ्या ऑफिसमध्ये..."

"मुलीला ताप होता, बाई," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता. "खूप चढला होता. फोनकडे बघायचंच राहिलं. माझी चूक झाली."

मुलीला ताप वगैरे काही नव्हता. मुलगी सकाळी नाचत शाळेत गेली होती. बाईंचा चेहरा थोडा निवळला. आता कशी आहे, विचारलं. बरी आहे, म्हणाली. तिने वाकून बाईंना नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो.

फाटकाबाहेर आल्यावर माझा राग उसळला. कुणावर ते मलाही कळत नव्हतं, पण समोर तीच होती.

"खोटं कशाला सांगितलंस? मी सांगत होतो ना खरं काय ते. कदाचित त्यांनी पुन्हा प्रयत्न केला असता."

"काय सांगणार होतात? भजनाच्या सीडीमुळे मेसेज आला नाही?"

"तेच खरं आहे."

"असेल. पण त्यांना काय वाटलं असतं? नवऱ्याला बायकोची नोकरी नको होती, म्हणून मेसेज दाबून ठेवला, आणि आता गोष्टी रचतोय. हेच वाटलं असतं."

समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकललं. मी आवाज थांबू दिला. मग विचारलं, "तुला वाटतं तसं?"

तिने फाइल या हातातून त्या हातात घेतली.

"काल वाटलं होतं," ती म्हणाली. "रात्रभर तोच विचार करत पडले होते. मग म्हटलं, नाही. मुद्दाम दाबून ठेवायला आधी माझ्याकडे लक्ष तरी असावं लागतं."